पाच टक्क्यांचं भांडण

७ फेब्रुवारी २०१०. रविवार, म्हणजे शेअर बाजार बंद. त्या दिवशी जर्मनीतल्या सॅप कंपनीने जाहीर केलं की मुख्याधिकारी लिओ अपोथेकर यांच्या कराराला मुदतवाढ मिळणार नाही, आणि त्यांनी लगेचच पद सोडलं आहे. विक्री विभागातून वर चढलेल्या अपोथेकर यांच्या एकट्याच्या हाती कंपनीचा कारभार येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. कुठलाही घोटाळा उघडकीस आला नव्हता. कंपनी तोट्यातही नव्हती. जगभर मंदी असूनही २००९ साली तिने नफाच कमावला होता. मग खुर्ची का गेली?

कारणं अनेक सांगितली गेली. पण त्या काळात सॅप वापरणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या संगणक विभागात हा प्रश्न विचारला असता, तर उत्तरात एक आकडा हमखास आला असता : सतरावरून बावीस. दरवर्षी भरायच्या देखभाल शुल्काचा हा दर होता. त्यातल्या पाच टक्क्यांच्या वाढीने सॅपचे ग्राहक असे काही बिथरले की तसं त्या कंपनीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या पैसा कुठून कमावतात, त्यांचा ग्राहक चिडला तरी सोडून का जात नाही, आणि त्याच्या तक्रारीला वजन कधी येतं, हे समजून घ्यायला या भांडणाइतकं चांगलं उदाहरण सापडणं कठीण आहे.

ग्राहकाच्या घरात जन्मलेली कंपनी

सॅपचं सॉफ्टवेअर आपल्या मोबाइलवर नसतं. पण मुंबई महापालिकेच्या कंत्राटदाराला विचारा, बिल कुठे अडकलंय? तो सांगेल, ‘सॅपमध्ये.’ हिंजवडीत किंवा खराडीत चहाच्या टपरीवर उभं राहिलं की ‘एमएम’, ‘एसडी’, ‘फायको’ असे शब्द कानावर पडतात. ही सॅपच्या वेगवेगळ्या मॉड्यूलची नावं. खरेदी, विक्री, हिशेब, साठा, उत्पादन, पगार हे सगळं एकाच व्यवस्थेत बांधणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. गोदामात माल उतरला की साठ्याची नोंद, पुरवठादाराचं देणं आणि खर्चाचं खातं एकाच वेळी बदलतं.

ही कल्पना १९७२ साली पाच तरुण इंजिनिअरांनी प्रत्यक्षात आणली. डीटमार होप, हासो प्लाटनर, क्लाऊस चिरा, क्लाऊस वेलनरॉयटर आणि हान्स-वेर्नर हेक्टर हे पाचही जण आयबीएम सोडून बाहेर पडलेले. त्यांचा पहिला ग्राहक होता इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा एस्ट्रिंगेन इथला नायलॉन धाग्याचा कारखाना. या पाचजणांकडे स्वतःचा संगणक नव्हता. ते रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ग्राहकाच्याच संगणकावर काम करत. गरज काय आहे हे शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगायचा आणि त्याप्रमाणे प्रोग्राम बदलायचा. पुढे वालडोर्फ या छोट्या गावात मुख्यालय झालं, १९९२ मध्ये आलेल्या ‘आर-३’ने कंपनीला जगभर नेलं, तरी ‘आम्ही ग्राहकाबरोबर बसून सॉफ्टवेअर लिहितो’ हा सॅपचा अभिमानाचा विषय राहिला. २००८ च्या दरवाढीच्या निर्णयाने जो धक्का बसला, तो या पार्श्वभूमीवर अधिक जोराचा होता.

लायसन्स एकदा, देखभाल कायमची

त्या काळात ईआरपी विकत घेण्याची पद्धत अशी होती. कंपनी एकदाच लायसन्स घ्यायची. ते तिच्या मालकीचं, मुदतीविना वापरता येणारं. त्यानंतर दरवर्षी लायसन्सच्या किमतीच्या काही टक्के रक्कम मेन्टेनन्स म्हणून भरायची. त्या बदल्यात चुका दुरुस्त करणारे पॅच, नव्या आवृत्त्या, आणि अडलं की तिकीट उघडून मदत मागण्याची सोय मिळायची.

गृहनिर्माण सोसायटीतल्या लिफ्टचा एएमसी ज्यांनी सांभाळलाय त्यांना हे गणित पटकन कळेल. लिफ्ट एकदा बसली की तिचं पॅनल, सुटे भाग, कंट्रोलर त्याच कंपनीचे. एएमसीचा दर वाढवला म्हणून कोणी सात मजल्यांची लिफ्ट उखडून टाकत नाही. सभेत आरडाओरडा होतो, सेक्रेटरीला चार शब्द ऐकावे लागतात आणि चेक सही होतो.

ईआरपी उखडणं तर याहूनही अवघड. प्रत्येक कंपनी सॅपमध्ये स्वतःच्या गरजेचे रिपोर्ट आणि प्रोग्राम लिहून घेते. त्यांची नावं ‘झेड’ किंवा ‘वाय’ या अक्षरांनी सुरू होतात, म्हणून सगळे त्यांना ‘झेड प्रोग्राम’ म्हणतात. दहा-पंधरा वर्षांत त्यांची संख्या शेकड्यांत, कधी हजारांत जाते. कुठल्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी, कुठल्या प्लँटमध्ये टाकाऊ माल कसा मोजायचा, हे कंपनीचं शहाणपण त्या प्रोग्रामांत साठलेलं असतं. दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणजे ते सगळं नव्याने लिहायचं, कामगारांना पुन्हा शिकवायचं, आणि बदलाच्या रात्री डिस्पॅच थांबणार नाही याची धास्ती घ्यायची.

देखभाल बंद करून जुनंच वापरत राहिलं तर? कायद्याने अडचण नाही, व्यवहारात आहे. १ जुलै २०१७ ला भारतात जीएसटी लागू झाला तेव्हा बिलाचा नमुना, कर मोजण्याची पद्धत, विवरणपत्रं, सगळंच बदललं. त्यासाठी लागणाऱ्या दुरुस्त्या सॅपने दिल्या, पण त्या देखभाल करार चालू असलेल्या ग्राहकांना. करार सोडलेल्याने काय करायचं ते स्वतः बघायचं. सरकार कर बदलत राहतं, आणि प्रत्येक बदल देखभाल करारातली गाठ आणखी पक्की करतो.

आता आकडे. समजा एका कंपनीने दहा कोटींचं लायसन्स घेतलं. सतरा टक्क्यांनी वर्षाची देखभाल होते १ कोटी ७० लाख. बावीस टक्क्यांनी २ कोटी २० लाख. दर पाच टक्क्यांनी वाढला असं म्हणायला सोपं. प्रत्यक्षात बिल जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतं. बावीस टक्के दराने पाच वर्षं पुरी व्हायच्या आतच लायसन्सची मूळ किंमत पुन्हा एकदा भरून होते.

२००८ : नेमका नको तो मुहूर्त

सॅपचा कट्टर प्रतिस्पर्धी ओरॅकल. त्याचा देखभाल दर आधीपासूनच बावीस टक्के होता. २००५ साली सॅपने एक खेळी केली होती. टुमॉरोनाऊ नावाची छोटी कंपनी तिने विकत घेतली. ओरॅकलने ताब्यात घेतलेल्या पीपलसॉफ्टच्या ग्राहकांना ही कंपनी निम्म्या दरात देखभाल पुरवायची. म्हणजे दुसऱ्याच्या ग्राहकांना सॅप सांगत होती की देखभालीला एवढे पैसे लागतच नाहीत. पुढे आमची सामग्री बेकायदा उतरवून घेतली म्हणून ओरॅकलने २००७ मध्ये खटला भरला, ऑक्टोबर २००८ मध्ये टुमॉरोनाऊ बंद झाली, आणि २०१० साली अमेरिकेतल्या ज्युरीने सॅपला १.३ अब्ज डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. ती रक्कम नंतर बरीच कमी झाली.

ही दुकानदारी चालू असतानाच जुलै २००८ मध्ये सॅपने स्वतःच्या ग्राहकांना कळवलं : सतरा टक्क्यांची ‘स्टँडर्ड सपोर्ट’ योजना बंद, यापुढे सर्वांसाठी ‘एंटरप्राइझ सपोर्ट’, दर बावीस टक्के. जुन्या ग्राहकांसाठी १ जानेवारी २००९ पासून टप्प्याटप्प्याने वाढ. सेवा वाढल्या आहेत, म्हणून दर वाढला, असं स्पष्टीकरण होतं. पण निवड ठेवली नव्हती. ज्याला जादा सेवा नको होत्या त्यालाही त्या घेणं भाग होतं.

दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या, संगणक विभागांच्या खर्चाला कात्री लागली. अशा वेळी ज्या एका खर्चावर कात्री चालवता येत नाही, तोच वाढत होता. जानेवारी २००९ मध्ये सॅपने स्वतःच्या सुमारे ५१,५०० नोकऱ्यांपैकी तीन हजार कमी करायचं ठरवलं. ग्राहकांनी साधा प्रश्न विचारला : माणसं कमी करताय, तर जादा सेवा देणार कोण?

तक्रारीचं हत्यार

नाराज ग्राहकाबद्दल अल्बर्ट हिर्शमान या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक मांडणी केली होती. त्याच्यापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा आवाज उठवणं. बाजारपेठेचं नेहमीचं तत्त्वज्ञान पहिल्या वाटेवर उभं आहे. साबण आवडला नाही तर दुसरा घ्या. पण जिथे निघून जाणं परवडत नाही तिथे आवाज हेच एकमेव साधन उरतं. आणि एकट्या ग्राहकाच्या आवाजाला विक्रेता भीत नाही, कारण तो जाणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

सॅपचे ग्राहक मात्र एकटे नव्हते. जर्मन भाषिक देशांतल्या ग्राहकांची ‘डीएसएजी’ ही संघटना १९९७ पासून काम करत होती. अमेरिकेत ‘एएसयूजी’ होती. २००७ साली अशा देशोदेशीच्या युजर ग्रुपनी मिळून ‘सुजेन’ नावाचं समाईक व्यासपीठ उभारलं होतं. एरवी या संघटनांचं काम म्हणजे चर्चासत्रं, नव्या मॉड्यूलच्या सूचना, एकमेकांच्या अडचणींची देवाणघेवाण. दरवाढीने त्यांना वाटाघाटीला बसवलं.

त्यांनी जी मागणी केली तिच्यात चातुर्य होतं. ‘दर कमी करा’ असं नुसतं न म्हणता त्यांनी म्हटलं, ‘जादा पैशात जादा फायदा होतो हे मोजून दाखवा.’ एप्रिल २००९ मध्ये समझोता झाला. निवडक ग्राहकांकडे काही निकष मोजायचे ठरले : कामकाज अखंड चालतं का, व्यवसायाच्या प्रक्रिया सुधारतात का, केलेली गुंतवणूक टिकते का, आणि चालवण्याचा एकूण खर्च घटतो का. निकष पूर्ण झाले तरच पुढची दरवाढ. बावीस टक्के गाठण्याची मुदतही २०१२ वरून २०१५ वर गेली.

त्या वर्षाचा ताळेबंद आला आणि भांडणाचं मूळ सगळ्यांना स्वच्छ दिसलं. २००९ मध्ये सॅपची नव्या सॉफ्टवेअरची विक्री सुमारे २८ टक्क्यांनी घसरून २.६ अब्ज युरोवर आली होती. देखभालीचं उत्पन्न मात्र जवळपास १५ टक्क्यांनी वाढून ५.३ अब्ज युरो झालं होतं. एकूण उत्पन्न १०.७ अब्ज, म्हणजे जवळपास निम्मी कमाई देखभालीची. नवे ग्राहक मिळेनासे झाले तेव्हा जुन्या ग्राहकांनी कंपनीला तारलं, आणि तेही मनाविरुद्ध.

डिसेंबर २००९ मध्ये सॅपने २०१० ची दरवाढ थांबवली. १४ जानेवारी २०१० रोजी ‘स्टँडर्ड सपोर्ट’ परत आणलं. ग्राहकाला पुन्हा दोहोंतून निवड मिळाली. एवढ्या मोठ्या विक्रेत्याने जाहीर केलेला दर मागे घेण्याची उदाहरणं या धंद्यात फार नाहीत. त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांत अपोथेकर गेले.

खुर्ची कोणी हलवली?

ग्राहकांच्या तक्रारीमुळे प्रमुख गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण वस्तुस्थिती जरा गुंतागुंतीची आहे. दरवाढीचा निर्णय झाला तेव्हा हेनिंग कागरमान आणि अपोथेकर हे दोघं मिळून कंपनी चालवत होते. वरच्या देखरेख मंडळाचे अध्यक्ष होते संस्थापकांपैकी एक, हासो प्लाटनर. म्हणजे निर्णय एकाचा नव्हता. चेहरा एकाचा झाला.

जर्मन मोठ्या कंपन्यांत दोन मंडळं असतात. रोजचा कारभार पाहणारं एक आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारं दुसरं. देखरेख मंडळात निम्म्या जागा कायद्याने कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या असतात. इथे तक्रारीला दुसरी वाट मिळाली. नोकरकपातीने कर्मचारी दुखावलेले होते, व्यवस्थापनावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. ग्राहकाची नाराजी विक्री घसरण्यातून दिसत होती, कर्मचाऱ्यांची थेट मंडळात बसली होती. प्लाटनर यांनी बदलानंतर हेच बोलून दाखवलं : ग्राहकांचा आणि कर्मचाऱ्यांचा विश्वास परत मिळवायचा आहे, आणि सॅप पुन्हा आनंदी कंपनी व्हायला हवी. तक्रार करणारा बाहेरचा आणि तक्रार करणारा आतला, असे दोघं एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागले की प्रमुखाला टिकणं कठीण जातं.

जागेवर दोघे आले. विक्री सांभाळणारे अमेरिकन बिल मॅकडरमॉट आणि उत्पादन सांभाळणारे डॅनिश जिम हागेमान स्नाबे. तंत्रज्ञान प्रमुख विशाल सिक्का यांना कार्यकारी मंडळात घेतलं. हेच सिक्का पुढे २०१४ मध्ये, पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे प्रमुख झाले. या चमूने सायबेस ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली, ‘हाना’ हा वेगवान डेटाबेस आणला, क्लाऊडकडे मोर्चा वळवला. विक्री सावरली. अपोथेकर त्याच वर्षी एचपीचे प्रमुख झाले आणि तिथूनही वर्षभरात बाहेर पडले.

नवा प्रमुख, जुनं भांडण

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण माणूस बदलला तरी ग्राहक अडकलेला असणं बदललं नव्हतं.

२०१७ साली लंडनच्या उच्च न्यायालयात सॅप विरुद्ध डियाजिओ हा खटला गाजला. डियाजिओ ही मद्य बनवणारी कंपनी. तिने सेल्सफोर्स या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर एक व्यवस्था बनवून घेतली, जिच्यातून दुकानदार स्वतः ऑर्डर नोंदवत आणि ती ऑर्डर मागच्या बाजूने सॅपमध्ये जाई. सॅपचं म्हणणं पडलं की मग ते दुकानदारही सॅपचे वापरकर्ते झाले, त्यांचंही लायसन्स घ्या. मागणी होती ५ कोटी ४५ लाख पौंडांची. शुल्क देणं लागतं, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. जगभरच्या ग्राहकांना घाम फुटला, कारण आपापल्या ॲप आणि वेबसाइट सॅपला जोडलेल्या नाहीत अशी मोठी कंपनी शोधावी लागेल. पुन्हा युजर ग्रुप उठले, आणि एप्रिल २०१८ मध्ये सॅपने माणसांऐवजी तयार झालेल्या दस्तऐवजांवर आकारणी करणारा पर्याय दिला.

मॅकडरमॉट ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर पडले. जेनिफर मॉर्गन आणि क्रिस्टियान क्लाइन ही जोडी आली. एप्रिल २०२० मध्ये मॉर्गन गेल्या, क्लाइन एकटे राहिले. या काळात वादाचा विषय होता जुन्या ईआरपीची मुदत. तिची देखभाल २०२५ ला थांबणार होती. नव्या ‘एस-फोर हाना’वर जायला एवढा वेळ पुरत नाही, अशी ओरड झाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये ती २०२७ च्या अखेरपर्यंत वाढली, आणि त्यापुढे २०३० पर्यंत, दोन टक्के जादा शुल्क भरून. जुलै २०२३ मध्ये क्लाइन यांनी जाहीर केलं की कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या सोयी फक्त क्लाऊड ग्राहकांना मिळतील. ज्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर बसवायला नुकतेच कोट्यवधी खर्च केले होते, त्यांना हा विश्वासघात वाटला. डीएसएजीने जाहीर विरोध केला.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकरण युजर ग्रुपच्या हाताबाहेर, वरच्या दारात गेलं. युरोपीय आयोगाने सॅपच्या देखभाल करारांची औपचारिक चौकशी सुरू केली. आयोगाचे मुद्दे वाचले की २००८ ची आठवण होते. सगळ्या सॉफ्टवेअरला एकाच दर्जाची देखभाल एकाच पुरवठादाराकडून घ्यायची सक्ती आहे का? न वापरलेल्या लायसन्सची देखभाल बंद करता येते का? मध्ये करार सोडून परत आलेल्याकडून मधल्या वर्षांचेही पैसे का घेतले जातात? सॅपने आपली पद्धत नियमाला धरून असल्याचं सांगितलं आणि त्याच वेळी आयोगाशी वाटाघाटीची तयारीही दाखवली. पंधरा वर्षं ग्राहक संघटना जे प्रश्न विचारत होत्या, ते आता दंड ठोठावू शकणाऱ्या यंत्रणेने विचारले.

या सगळ्यातून दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. तक्रारीने प्रमुख बदलू शकतो, दरवाढ लांबू शकते, एखादी रद्द केलेली योजना परत येऊ शकते. पण त्यासाठी तक्रार संघटित आणि मोजमापाने सिद्ध केलेली असावी लागते. २००९ चे ग्राहक जिंकले, कारण त्यांनी संतापाचं रूपांतर निकषांत केलं. दुसरी गोष्ट अशी की प्रमुख बदलणं हा विक्रेत्यासाठी तुलनेने स्वस्त उपाय आहे. नवा माणूस विश्वासाची भाषा बोलतो, वातावरण निवळतं, आणि करारातली कलमं जागच्या जागी राहतात. ग्राहक खरा मोकळा होतो तो कलम बदलल्यावर.

महाराष्ट्रातल्या ज्या महापालिका, सहकारी बँका, कारखाने आज वर्षाकाठी भाडं भरण्याच्या क्लाऊड करारांवर सह्या करत आहेत, त्यांच्यासाठी हा भूतकाळ नाही. क्लाऊडमध्ये तर लायसन्सची मालकीही राहत नाही. पैसे थांबले की सॉफ्टवेअर थांबलं. म्हणून निविदेत मॉड्यूल किती आणि दर किती यापेक्षा तीन ओळी आधी शोधाव्यात : वार्षिक दरवाढीला मर्यादा आहे का, नको असलेला भाग मध्येच बंद करता येतो का, आणि सोडून जाताना आपला सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने परत मिळणार. सहीपूर्वी या ओळी घालून घेणं सोपं असतं. सहीनंतर त्याच ओळींसाठी संघटना उभारावी लागते, वर्षं घालवावी लागतात, आणि तरीही हाती येतो तो बहुधा नवा मुख्याधिकारी.